खालची गाडी थांबता कामा नये

१ ऑक्टोबर २०२२ ची रात्र पुणेकरांच्या चांगलीच लक्षात असेल. चांदणी चौकातला, महामार्गावरून आडवा जाणारा जुना पूल त्या रात्री सुरुंग लावून पाडायचा होता. सुमारे ६०० किलो स्फोटकं, पुलाला पाडलेली शेकडो भोकं, दोन्हीकडची वाहतूक बंद, टीव्हीवाल्यांच्या गाड्या... लग्नघरासारखी नुसती धांदल. नोएडाचे जुळे मनोरे ज्यांनी ऑगस्टमध्ये पाडले होते त्याच मंडळींकडे हे काम होतं, त्यामुळे इथेही काही सेकंदांत सगळं भुईसपाट होणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. रात्री एकच्या सुमारास बटण दाबलं. मोठा आवाज झाला, धुळीचा लोट उठला, आणि धूळ बसल्यावर पाहतात तो काय, पुलाचा बराचसा सांगाडा आपला जागच्या जागी उभा! उरलेलं काम मग पोकलेन आणि ब्रेकर लावून पहाटेपर्यंत करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी विनोदांचा पाऊस पडला. पुण्यातली गोष्ट आहे, एकदा सांगून ऐकेल कशी, वगैरे वगैरे. मला मात्र त्या न पडलेल्या पुलाबद्दल आदर वाटला. आत सळई अपेक्षेपेक्षा जास्त निघाली, असं पाडणाऱ्यांनीच सांगितल्याचं वर्तमानपत्रात आलं होतं. नव्वदच्या दशकात कुणीतरी ती सळई बांधली असेल, काँक्रीट ओतल्यावर ती कायमची झाकली गेली असेल, आणि ती किती होती हे जगाला कळलं ते तीसेक वर्षांनी पूल पाडायला घेतल्यावर. शाळेत इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. अमुक राजाने तमुक वास्तू बांधली, एवढंच आम्ही मुलांना सांगत आलो. कशी बांधली, कुणी बांधली, हे ना पुस्तकात होतं ना परीक्षेत!

माझा एक भाचा बरीच वर्षं पुलांच्या कामावर आहे. (“मावशी, तुझ्या त्या ब्लॉगवर माझं नाव टाकू नकोस,” अशी तंबी आहे.) त्या स्फोटानंतर मी त्याला भंडावून सोडलं. पुढचं बरंचसं त्याच्याकडून ऐकलेलं आणि थोडं वाचलेलं आहे.

सुरुवात खडूपासून करते, कारण हातात तोच होता. खडू दोन्ही टोकांनी दाबून पाहा. तुमचा अंगठा दुखेल, पण खडू सहसा मोडणार नाही. तोच दोन बोटांत धरून किंचित वाकवा, कट्कन दोन तुकडे. काँक्रीटचा स्वभाव अगदी असाच आहे. दाब कितीही सोसेल, ताण सोसणार नाही. आता दोन खांबांवर आडवी तुळई ठेवली आणि तिच्यावरून ट्रक गेला तर ती मधोमध किंचित वाकते. वाकली की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. खालच्या बाजूला सळई घालतात ती यासाठी. ताण तिने घ्यायचा, दाब काँक्रीटने. आमच्या काळच्या भाषेत सांगायचं तर चांगला संसार! स्फोटाने काँक्रीटचा भुगा झाला तरी सळई एकमेकींना धरून राहिल्या, म्हणून सांगाडा लोंबकळत का होईना, राहिला.

पण नुसत्या सळईवर फार लांबची उडी घेता येत नाही. तुळईचं स्वतःचंच वजन इतकं वाढत जातं की ती स्वतःलाच पेलेनाशी होते. यावर जो उपाय निघाला तो मला इतका आवडला की मी भाच्याला तो दोनदा सांगायला लावला. शिक्षकांनी हा प्रयोग नकळत शेकडो वेळा केलेला असतो. टेबलावर वीस-पंचवीस वह्या उभ्या ओळीने ठेवल्या आहेत. दोन्ही तळहातांनी दोन्हीकडून घट्ट दाबून आख्खी ओळ उचलायची. मधल्या वहीला खालून कसलाच आधार नाही, तरी ती पडत नाही. हात जरा सैल झाले की सगळ्या वह्या जमिनीवर! काँक्रीटच्या तुळईतही हेच करतात. तिच्या पोटातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोकळ नळ्या ठेवलेल्या असतात. काँक्रीट पक्कं झालं की त्या नळ्यांतून ओवलेल्या पोलादी तारांच्या केबली जॅकने प्रचंड ताकदीने ओढतात आणि टोकाला पाचरींनी अडकवून टाकतात. ताणलेली केबल आखडू पाहते आणि तुळईला दोन्हीकडून दाबून धरते. म्हणजे वरून ट्रक यायच्या आधीच तुळई दाबाखाली असते, ट्रकने आणलेला ताण त्या दाबातून वजा होतो.

खेड्यात वाढलेल्यांना आणखी एक उदाहरण आठवेल. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवायचा. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, शेणीच्या आरात लालभडक तापवून फुगवायची, चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. फुस्स करून वाफ निघाली की धाव आवळायची आणि चाकाचे सगळे तुकडे एकजीव व्हायचे. आमच्या गावचा लोहार हे करत होता तेव्हा त्याला कुणी अभियंता म्हटलं नाही.

काँक्रीटमध्ये हे साधलं एका फ्रेंच माणसाने. त्याचं नाव युजीन फ्रेसिने. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने आलिए नदीवर अगदी चपट्या कमानींचा एक पूल बांधला. पूल सुरू झाला, सगळं छान. पण काही महिन्यांत कमानी मधोमध हळूहळू खचताना त्याला दिसू लागल्या. काँक्रीट दाबाखाली वर्षानुवर्षं सूक्ष्मपणे आखडत राहतं, हे तोवर कुणी गंभीरपणे घेतलंच नव्हतं. फ्रेसिनेने मोजकी माणसं घेऊन, गाजावाजा न करता, कमानींच्या माथ्याशी जॅक लावले आणि पूल पुन्हा वर उचलला! काँक्रीट आखडतं हे ध्यानात धरून, आखडल्यावरही पुरेसा ताण शिल्लक राहील अशी अतिशय मजबूत तार वापरली पाहिजे, हे त्याच्या लक्षात आलं. १९२८ साली त्याने या पद्धतीचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधले पूल उद्ध्वस्त झाले होते आणि पोलादाची टंचाई होती, तेव्हा मार्न नदीवर ल्यूझांसी इथे त्याने १९४६ साली एक पूल पुरा केला. त्याचे तुकडे आधी ओतून घेतले होते आणि मग केबलींनी एकत्र आवळले होते. म्हणजे वह्यांची ओळच! आज मेट्रोच्या खांबांवर जे पोकळ पेटीसारखे तुकडे एकापुढे एक चढवताना दिसतात, त्यांचं घराणं हे.

आता ‘उड्डाणपूल’ या शब्दाकडे येते. फार छान शब्द आहे. पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं असं आपण म्हणतो, पण या पुलाखाली पाण्याचा थेंब नसतो, असल्या तर गाड्या. आणि बांधणाऱ्याची खरी पंचाईत इथेच आहे. नदीवर पूल बांधायचा तर उन्हाळ्यात पाणी ओसरतं, पात्रात लाकडी आधार उभे करता येतात. जुनी दगडी कमान अशीच बांधायचे. खाली लाकडाचा सांगाडा, त्यावर दगड रचत जायचं, माथ्याचा दगड बसला की सांगाडा काढून घ्यायचा. रस्त्याला असा उन्हाळा येत नाही. वर काहीही चालू असो, खालची गाडी थांबता कामा नये! भाचा म्हणाला, “मावशी, आमच्या धंद्यातले निम्मे शोध या एका वाक्यापायी लागलेत.”

कमान महामार्गाला का चालत नाही ते बघायचं असेल तर खंडाळ्याच्या घाटातला अमृतांजन पूल आठवा. (वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून पडलेलं हे नाव. इंग्रजांच्या काळातल्या भक्कम दगडी बांधकामाला असं नाव मिळावं, ही आपली खास शैली!) द्रुतगती मार्ग झाला तेव्हा तो याच्या कमानींखालून गेला. कमानीचे जाडजूड खांब ऐन रस्त्यात, त्यामुळे तिथे येऊन सगळ्या गाड्या अंग चोरायच्या. शेवटी ५ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत रस्ता ओस पडलेला असताना, तो पाडला. एरवी त्या रस्त्याला फुरसत कुठली?

आपल्याकडचा पहिला उड्डाणपूल मुंबईत केम्प्स कॉर्नरला झाला. केम्प नावाच्या औषधवाल्यांच्या दुकानावरून चौकाला ते नाव पडलं. १४ एप्रिल १९६५ रोजी पूल खुला झाला, खर्च साडेसतरा लाख रुपये. त्याचे अभियंते शिरीष पटेल तेव्हा जेमतेम तिशीतले होते. त्याआधी आफ्रिकेतल्या करिबा धरणावर आणि आपल्या कोयनेवर त्यांनी काम केलं होतं. त्याच १९६५ साली चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्यासोबत त्यांनी खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याची कल्पना मांडली. पहिला उड्डाणपूल बांधणाऱ्यानेच शहर पलीकडे न्या म्हणून सांगावं, यातलं शहाणपण आपण फार मनावर घेतलं नाही. पटेल डिसेंबर २०२४ मध्ये वारले. १९९६ साली राज्य रस्ते विकास महामंडळ निघालं आणि मुंबईत एकदम पन्नासच्या आसपास उड्डाणपुलांचा धडाका लागला, ते तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे.

तर प्रत्यक्ष बांधतात कसा? आपल्याला दिसतं ते पत्र्यांचं कुंपण आणि ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’. कुंपणाआड पहिले कित्येक महिने सगळं काम जमिनीखाली चालतं. आधी पाण्याच्या नळवाहिन्या, वीज, टेलिफोनच्या तारा हलवायच्या. (जुन्या शहरात कुठली नळवाहिनी कुठून जाते हे बहुधा फुटल्यावरच कळतं.) मग कठीण खडक लागेपर्यंत गोल विहिरीसारखी भोकं पाडून त्यांत सळईचे पिंजरे सोडतात आणि काँक्रीट भरतात. हे पाइल. चार-सहा पाइलच्या डोक्यावर एक जाड टोपी, टोपीवर खांब, खांबावर दोन्हीकडे हात पसरल्यासारखी आणखी एक टोपी. महामार्गावर खालून मोकळी उंची साडेपाच मीटर राखावी लागते, त्या हिशेबाने खांब उठतात.

हे चालू असताना तिकडे दूर, एखाद्या मोकळ्या माळावर, पुलाचा वरचा भाग आधीच तयार होत असतो. त्या जागेला कास्टिंग यार्ड म्हणतात. तिथे गर्डर ओतायचे, त्यांना पाणी मारायचं, काँक्रीटचे ठोकळे फोडून ताकद तपासायची, आणि मग केबली ओढायच्या. केबल ओढताना जॅकच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही हा पहिला नियम. पाचर निसटली तर तार बंदुकीच्या गोळीसारखी मागे येते. ओढून झाल्यावर गर्डर मधोमध किंचित वर फुगतो, चांगल्या पोळीसारखा! मग नळ्यांत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरतात, म्हणजे तारेला गंज चढू नये. भाच्याच्या मते सगळ्या कामात जास्तीत जास्त हयगय याच पायरीवर होते, कारण नळी भरली की अर्धी राहिली हे बाहेरून कुणालाच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मला नवीन होती. वरचा पूल खांबाला चिकटवलेला नसतो! मध्ये बेअरिंग असतात, रबराच्या जाड उशा म्हणा ना. उन्हाने पूल लांबतो, थंडीत आखडतो, त्याला सरकायला जागा लागते. पुलावर ठराविक अंतराने गाडी ‘धडक्-धडक्’ करते ती त्यासाठी ठेवलेल्या फटींमुळे. चिकटवलेला नसतो म्हणूनच तो उचलताही येतो. अंधेरीचा गोखले पूल आठवतो? १९७५ चा तो पूल. जुलै २०१८ मध्ये त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, त्यात दोघांचा जीव गेला. पुढे नवा पूल बांधला तो जुन्यापेक्षा उंच, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू सुरू झाली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाची आणि त्याची गाठच पडेना. मुंबईकरांनी यथेच्छ खिल्ली उडवली. मग बर्फीवाला पुलाचा तो भाग जॅकने एका कडेला १,३९७ आणि दुसऱ्या कडेला ६५० मिलिमीटर उचलला आणि जुलैमध्ये दोन्ही पूल जुळले. आलिए नदीवरच्या फ्रेसिनेला हे बघून गंमत वाटली असती.

आता ती रात्र. तीस मीटरचा गर्डर पन्नास-साठ टनांचा असतो. तो यार्डातून लांबलचक ट्रेलरवर घालून आणायचा, दोन क्रेननी दोन्हीकडून उचलायचा आणि बेअरिंगवर अलगद टेकवायचा. वाहतूक कमी म्हणून हे रात्री करायचं, आणि पोलिसांनी दिलेल्या दोन-तीन तासांच्या ‘ब्लॉक’मध्येच. उंच, अरुंद गर्डर एकटा असताना कडेवर उभ्या केलेल्या पुस्तकासारखा असतो. शेजारच्या गर्डरशी आडव्या तुळयांनी जखडेपर्यंत त्याचा भरवसा नसतो. “पूर्ण पूल धोक्याचा नसतो मावशी, अर्धा पूल धोक्याचा,” भाचा म्हणाला. १५ मे २०१८ ला वाराणसीत रेल्वे स्थानकाजवळ बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे दोन गर्डर खाली आले. ते एकमेकांना आडवे जखडलेले नव्हते आणि खालून वाहतूक चालू होती. किमान पंधरा माणसं आपापल्या गाड्यांत गेली. त्याआधी ३१ मार्च २०१६ ला कोलकात्यात अर्धवट उड्डाणपूल भर वस्तीत कोसळला होता, तिथेही खाली रस्ता चालूच होता.

खालच्या माणसांचा हा धोका टाळायला एक पद्धत आहे. जमिनीवर क्रेन उभीच करायची नाही. खांबांवरच एक अजस्र लोखंडी यंत्र चढवायचं, लाँचर. ते सेगमेंट उचलून घेतं, ओळीत लावतं, केबली ओढल्या की एक गाळा पुरा, मग स्वतःच सरकत पुढच्या खांबावर जातं. फार हुशारीचं यंत्र आहे. खाली दरी असो, रूळ असोत, रस्ता असो, काही अडत नाही. पण त्यामुळे काम करणारी माणसं आणि त्यांच्या डोक्यावरचं शेकडो टनांचं ओझं असं सगळंच हवेत जातं. ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ मधल्या रात्री शहापूर तालुक्यात, सरळांबे गावाजवळ, समृद्धी महामार्गाच्या पुलावर असंच यंत्र गर्डरसकट खाली आलं. वीस जण गेले. बहुतेक बाहेरच्या राज्यांतून आलेले होते. दोन दिवस वर्तमानपत्रांत नावं होती, नंतर चौकशीच्या बातम्या आल्या, त्यांत ‘वीस कामगार’ एवढंच.

मला राहून राहून एक गोष्ट खटकते. चांदणी चौकातला पूल पाडायला आपण देशातला इतका वर्दळीचा महामार्ग रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बंद ठेवला. कुणाचं काही अडलं? पर्यायी रस्ते होते, लोकांनी वाट बघितली, चहाच्या टपऱ्या चालल्या. पाडण्यासाठी जे जमलं ते बांधण्यासाठी का जमू नये? गर्डर चढवणाऱ्यांना मात्र घड्याळाकडे बघत काम करायचं. ‘ब्लॉक’ संपायला वीस मिनिटं उरलेली असताना पुढच्या पायरीला हात घालायचा की नाही, हा निर्णय तिथल्या एखाद्या पंचविशीतल्या इंजिनिअरवर येऊन पडतो, आणि खाली आपण हॉर्न वाजवत असतो. चांदणी चौकात ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांचाच ताफा अडकला म्हणून कामाला वेग आला म्हणतात. वेग आला हे चांगलंच झालं. पण हा वेग उंचावर जाऊन कुणाच्या अंगावर पडतो, ते खाली अडकलेल्या माणसाला दिसत नाही. दर महिन्याला चार रात्री पूर्ण बंद ठेवा, आम्ही आधीच कळवलं तर घरी थांबू, असं म्हणणारा एकही वाचकाचा पत्रव्यवहार माझ्या पाहण्यात नाही. मीच एक पत्र लिहून पाठवलं होतं, छापून आलं नाही. असो.

गर्डर एकमेकांना जखडले की पुढचं काम तसं सोपं. वर सळईची जाळी, स्लॅब, दोन्हीकडे कठडे, डांबर, पाण्याच्या निचऱ्याची भोकं. पुलाच्या चढ-उताराच्या भिंती म्हणजे नुसत्या बारीक फरशा असतात, हे ऐकून मात्र मी चाटच पडले. आतल्या भरावात आडव्या पट्ट्या थराथराने पसरलेल्या असतात आणि मातीच्या वजनानेच त्या फरशांना धरून ठेवतात. हाही एका फ्रेंच माणसाचाच शोध, १९६० च्या दशकातला. शेवटी पुलाची परीक्षा. वाळूने भरलेले, काट्यावर तोललेले ट्रक एका गाळ्यावर उभे करतात आणि गाळा किती खाली वाकला ते मोजतात. चोवीस तास ट्रक तसेच ठेवतात. मग ते काढून आणखी चोवीस तासांनी पुन्हा मोजतात. केबलींनी आवळलेल्या पुलाने वाकण्यातला निदान ८५ टक्के भाग परत वर उचलला पाहिजे, तर पास. (८५ टक्के! आमच्या वेळी ३५ ला पास करत होते.)

सरळांबेजवळचा तो पूलही पुरा झाला. समृद्धीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि त्यानंतर काही महिन्यांनी नाशकाच्या नातेवाइकांकडे लग्नाला जाताना आम्ही त्यावरून गेलो. दोन्हीकडे हिरवे डोंगर, गाडीला जराही धक्का नाही. मुलगा चालवत होता. पूल कुठे सुरू झाला नि कुठे संपला ते मला नीटसं कळलंही नाही, म्हणून मी त्याला म्हटलं, “जरा बाजूला घे रे, खाली उतरून बघायचंय.” तो म्हणाला, “आई, इथे गाडी थांबवायला परवानगी नाही.”